पाठचं

टोफूवाल्याच्या दुकानासमोर, रविवारी सकाळी, सगळ्या रांगेदेखत सुमिएने आमच्या मुलीच्या पोटरीवर चापट मारली. तशी काही फार जोरात नव्हती. पण कोतोला आजवर कुणी हात लावला नव्हता, त्यामुळे अशा वेळी रडायचं असतं हेसुद्धा तिला लगेच सुचलं नाही. ती आधी पायाकडे बघत राहिली, मग आईकडे, मग माझ्याकडे. तिने केलं होतं एवढंच: दोन वर्षांची पोरं करतात तसं पाय फाकवून, हात जमिनीला टेकून, डोकं पार खाली घालून ती स्वतःच्या पायांमधून मागे बघत होती. मागे आम्ही होतो, रांग होती, भिंतीला टेकवलेल्या सायकली होत्या. टोफूवाल्याची सासू, निशिवाकी आजी, पातेल्यातलं पाणी गटारात ओतता ओतता म्हणाली होती, "अगं बाई, पायांतून मागे बघायला लागली का ही? मग पाठचं येतंय हो. आमच्या घरात तर हे कधी खोटं ठरलं नाही." रांगेतल्या दोघी हसल्या. एकीने सुमिएच्या पोटाकडे पाहिलं, अगदी मायेने. चापट त्यानंतरची.

मी लगेच तोंड उघडलं आणि म्हणालो, "रस्त्यात वाकते ना सारखी, सायकलवाले कुठे बघतात." ते सगळ्यांना पटलं. चारचौघांना पटेल असं काहीतरी बोलून मोकळं व्हायचं, यात माझा हात कुणी धरणार नाही. निशिवाकी आजीसुद्धा म्हणाली, "हो हो, एखादी द्यावीच अशा वेळी," आणि तळलेल्या टोफूचा एक तुकडा वरून टाकला. मग कुठे कोतोला रडू फुटलं. मी तिला उचलून घेतलं. सुमिए पुढे निघून गेली होती. कामो नदीच्या काठाने घरी येताना मला तिची पाठ दिसत होती. अलीकडे मी बायकोला बहुतेक पाठमोरीच बघतो, ओट्याशी, नळाशी, झोपल्यावर. समोरून बघायचं म्हणजे काहीतरी बोलावं लागतं. खांद्यावर कोतोचा शेंबूड ओला लागत होता आणि मी तिला थोपटत होतो, आणि मनात म्हणत होतो की बाई गं, एवढं एक सोडून दे, बाकी वाटेल तो धिंगाणा घाल.

समजूत काही निशिवाकी आजीने शोधून काढलेली नाही. पोर पायांमधून मागे बघायला लागलं की ते आपल्या पाठच्याला शोधतंय, पाठचं वाटेला लागलंय, हे आमच्याकडे पोस्टमनसुद्धा सांगेल. मी असाच अंगणात वाकून बघत होतो आणि वर्षाच्या आत माझी बहीण जन्मली, हे आई अजून जेवायला आलेल्या गिऱ्हाइकांना सांगते. कुणी वाईट मनाने म्हणत नाही. उलट, हे ऐकून बायकांचे चेहरे खुलतात, अनोळखी बायका पोराच्या डोक्यावर हात फिरवतात. आणि लोकांना तरी काय ठाऊक. पाचव्या महिन्यात पोटाला पट्टा बांधतात, त्यानंतरच चारचौघांत बोलायचं, म्हणून आम्ही गप्प होतो. हिवाळा होता, सुमिएचा कोट मोठा होता. पट्टा बांधायचा दिवस ठरला आणि त्याच आठवड्यात दुपारी मला लॅबमध्ये फोन आला. मी पोचलो तोवर बाळ गेलं होतं आणि डॉक्टर सुमिएला वाचवत होते. तिला वाचवायला गर्भपिशवी काढावी लागली. तेव्हा पाठचं येणार नाही. कधीच येणार नाही. हे मला माहीत, सुमिएला माहीत, मियाझू गावी राहणाऱ्या माझ्या आईला माहीत. कोतोला तेवढं माहीत नाही आणि ती बापडी रस्त्यात, बागेत, दवाखान्याच्या पायऱ्यांवर वाकून बघते. वाकायला लागली तीही नेमकी त्यानंतरच.

आणि माझी नोकरी काय, तर लोकांना वाकवायची. सांगितलं तर लोक हसतात. विद्यापीठात मिझुओची सरांच्या हाताखाली मी मदतनीस आहे. मागच्या मैदानात आम्ही लहानमोठे लाल लाकडी फळे उभे करतो, काही जवळ, काही दूर, आणि विद्यार्थ्यांना बोलावतो. आधी सरळ उभं राहून सांगायचं की फळा किती उंच दिसतो, किती लांब दिसतो. मग पाठ करून उभं राहायचं, वाकायचं आणि पायांमधून बघून तेच सांगायचं. वाकलं की लांबचे फळे लहान दिसतात. नुसते लहान नाही, सगळं मैदान चेपल्यासारखं होतं, मागचं पुढे येतं, खोली जाते, कापडावर काढलेलं चित्र असावं तसं. मग कुणालाही वाटतं की जग उलटं दिसतं म्हणून असं होत असणार. तेही आम्ही करून बघितलं. जग उलटं दाखवणारा चष्मा लावून माणसाला ताठ उभं केलं, तर फळे जवळपास जेवढ्यास तेवढे दिसतात. म्हणजे उलट्या चित्राने काही बिघडत नाही. शरीर वाकलं की बिघडतं. डोळे तेच, फळा तोच, पण वाकलेल्या माणसाला जग लहान दिसतं. मला आपलं या गोष्टीचं फार कौतुक होतं. सुमिएला मी हे लग्नाच्या आधी सांगितलं होतं, नूडल्सच्या दुकानात, खुर्चीवरून उठून वाकून दाखवलं होतं, तेव्हा ती तोंडावर हात धरून हसली होती आणि म्हणाली होती, "बस खाली, लोक बघतायत."

सुमिएला हॉस्पिटलमधून घरी आणल्यावर पहिल्यांदा कामावर गेलो त्या दिवशी एक विद्यार्थी आला नाही, म्हणून सर म्हणाले, यासुताका, तूच घे आजची मापं. मी पाठ केली आणि वाकलो. रक्त डोक्याकडे धावलं, कानांत घूं व्हायला लागलं. फळे लहान झाले, त्यांच्यामागचं कुंपण पुढे आलं, त्याच्यामागचा डोंगर कुंपणाला चिकटला. आणि त्या चपट्या मैदानात मला हॉस्पिटलचा कॉरिडॉर दिसला, म्हणजे डोळ्यांना नव्हे, पण दिसला, टोकाला नर्स उभी, तिच्या हातात काहीतरी पांढरं, सगळं एवढंसं, नखाएवढं. एवढंसं असलं की बघता येतं. उभा असताना मला तो कॉरिडॉर आठवतासुद्धा येत नव्हता, आठवायला गेलो की छातीवर कुणी बसल्यासारखं व्हायचं. सर हाका मारत होते. "अरे, झोपलास का तिथे?" मी म्हणालो, "आणखी एकदा बघतो सर, नीट कळलं नाही." नंतरही सगळे गेल्यावर मी मैदानात जाऊन वाकायचो. हे सुमिएला मी सांगितलेलं नाही. तिने घरात काय केलं ते तिनेही मला सांगितलेलं नाही. कोतोसाठी भात शिजत होता, मिसोचं सूप होत होतं, अंघोळीचं पाणी तापत होतं. बघणाऱ्याला वाटलं असतं, घर चाललंय.

चापटीच्या त्या रात्री जेवताना मी म्हणालो, "ती मुद्दाम नाही करत गं. या वयात पोरांना गंमत वाटते. उलटं दिसतं ना." सुमिए कोतोच्या वाटीतला मासा निवडत होती. काटे काढून झाले तरी ती निवडतच राहिली. मग म्हणाली, "तूच सांगितलं होतंस. उलटं दिसण्याने काही होत नाही. डोळ्यांचा दोष नसतो, शरीराचा असतो." तिने ते वाक्य इतकी वर्षं जपून ठेवलं होतं आणि आता माझ्यासमोर ठेवत होती, आणि ते माझंच होतं. मी म्हणालो, "मी फळ्यांबद्दल बोलत होतो, सुमिए." "मला माहितीये कशाबद्दल बोलत होतास," ती म्हणाली. कोतोने 'मासा' म्हणून हात पुढे केला. सुमिएने वाटी माझ्याकडे सरकवली आणि ती भांडी घासायला उठली.

पुढच्या आठवड्यात कोतो पुन्हा वाकली, या वेळी घरात. मी दारातून बघत होतो. सुमिएने हात उचलला नाही. ती नुसती ताठ उभी राहिली. कोतो तशीच वाकलेली, पायांमधून आईकडे बघत, आता आई काय करते याची वाट बघत होती. सुमिए खोलीतून निघून गेली आणि बाथरूममध्ये जाऊन तिने नळ सोडला. मी दाराशी गेलो. आतून ती म्हणाली, "यासु, हिला मियाझूला नेऊन ठेव. आईंकडे."

"किती दिवस?"

"ते मला नको विचारू."

"अगं, पण तिचं काय चुकलं?"

"तिचं काहीच चुकलं नाही, म्हणून तर म्हणतेय." नळ चालूच होता. "ती वाकली की माझा हात शिवशिवतो. त्या दिवशी मारलं ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. ऐकतोयस का? मला बरं वाटलं. ज्या बाईला पोराला मारून बरं वाटतं तिच्याजवळ पोर ठेवू नये. तू शिकलेला आहेस, तुला कळायला हवं."

मी तिची समजूत घालायला हवी होती. मी म्हणालो, आईला विचारतो. आईला फोन केला तर तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सुमिएला भूक लागते का?" मी म्हटलं, जेवते थोडं. "ये घेऊन दोघींना," आई म्हणाली, "पोरीचं मी बघते, त्याची काळजी नको. पण एक सांगते, यासु. पोर एकदा दुसऱ्याच्या अंथरुणात झोपायला लागलं की परत यायला मागत नाही. तुझ्या बायकोला हे सांगू नकोस, पण तू लक्षात ठेव." मी लक्षात ठेवलं. दुसरं करत तरी काय होतो मी, लक्षातच ठेवत होतो सगळं.

मियाझूच्या गाडीत कोतोने खिडकीला नाक लावून सगळी वाट हरखून बघितली. सुमिएने तिचे कपडे घडी करून एका पिशवीत भरले होते, उन्हाळ्याचेसुद्धा. उन्हाळ्याचे कपडे मी बघितले, पण पिशवी वर ठेवली आणि खाली बसलो. बोगदा आला की काचेत आम्ही तिघं दिसायचो, बोगदा संपला की शेतं. कोतो जागेवर उठायची, घसरायची, पुन्हा उठायची, पण एकदाही वाकली नाही. मला तेव्हा वाटलं, नशीब, गाडीत तरी नाही. बापाच्या जातीला अशा वेळी इतकंच दिसतं.

आईचं शिंपल्याच्या भाताचं दुकान धक्क्याजवळ आहे, डोंगराच्या पायथ्याशी. आम्ही पोचलो तेव्हा ती शिंपले धूत होती. तिने सुमिएला बघितलं, ओले हात पुसले, तिच्या दंडाला धरून आत नेलं आणि समोर वाडगा ठेवला. "आधी खा. बोलायचं ते नंतर." मागच्या खोलीत कोतोची लहान गादी घालून ठेवलेली मला दिसली, वर सशाचं चित्र असलेली चादर. सुमिएलाही दिसली. ती खाता खाता थांबली, मग पुन्हा खायला लागली. जेवण झाल्यावर आई म्हणाली, "संध्याकाळच्या गाडीला वेळ आहे. पोरीला घेऊन वर जाऊन या. इथे बसून एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा ते बरं." मला वर जायचं नव्हतं. वर काय आहे हे काय मला माहीत नव्हतं? पण सुमिए म्हणाली, "जाऊया." तिला बहुतेक तेवढाच वेळ हवा होता, ज्यात काही करायचं नसतं.

वर म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा कठडा. तिथून खाली खाडी दिसते आणि खाडीच्या आरपार गेलेली वाळूची लांबलचक पट्टी, तिच्यावर पाइनची दाट झाडं. लोक येतात, पट्टीकडे पाठ करतात, वाकतात आणि पायांमधून बघतात. तसं बघितलं की खालचं पाणी आभाळ होतं आणि पट्टी आकाशात चढणारा पूल. शेकडो वर्षं लोक असेच वाकत आले आहेत. मिझुओची सरांचं सगळं संशोधन या कठड्यावरून निघालंय आणि मी याच्या पायथ्याशी वाढलो म्हणून त्यांनी मला कामावर घेतलं. त्या दिवशीही दुपारच्या उन्हात पंधरावीस माणसं ढुंगणं वर करून वाकली होती, म्हातारे, शाळेतल्या मुली, टाय लावलेला एक साहेब. इतर कुठल्याही दिवशी मला हसू आलं असतं. मी कोतोला खाली ठेवलं. आता ही वाकणार.

कोतो वाकली नाही. तिने सुमिएच्या कोटाचं टोक धरलं आणि ताठ उभी राहून त्या सगळ्या वाकलेल्या लोकांकडे बघत राहिली. शाळेतली एक मुलगी तिला म्हणाली, "ये ना, बघ, किती मज्जा आहे." कोतोने मान हलवली. मी म्हणालो, "बघ की, बाळा. इथे सगळेच बघतात." "नको," ती म्हणाली. "का गं?" तिने सुमिएच्या हाताकडे बघितलं, मग वाकून नव्हे, उभ्या उभ्याच गुडघा मुडपून स्वतःच्या पोटरीवर हात ठेवला आणि म्हणाली, "पाय दुखेल." चापट मारून महिना उलटला होता. दोन वर्षांच्या पोरीने महिनाभर ते सांभाळलं होतं. सुमिए कोतोकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

मग तिने खांद्यावरची पर्स काढून माझ्या हातात दिली. ती चार पावलं पुढे गेली, आमच्याकडे पाठ केली, पाय फाकवले आणि वाकली. टाके अजून ओढत असणार, कारण ती मध्येच थांबली, गुडघ्यांना धरून, आणि मग पूर्ण वाकली. केस जमिनीला लागले. दोन पायांच्या मध्ये तिचा उलटा चेहरा दिसला. ती रडत होती. पाणी डोळ्यांतून कपाळावर येऊन केसांत जात होतं. कोतोने कोट सुटल्यावर हात तसाच हवेत धरला होता. ती एक पाऊल पुढे गेली, आणखी एक, आणि मान तिरकी करून त्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग वळून मला म्हणाली, "आई हसते."

उलट्या चेहऱ्यावरचं रडू माणसाला ओळखता येत नाही. डोळे डोळ्यांच्या जागी नसतात, ओठाचं वळण फिरलेलं असतं, भलत्याचं भलतं वाचलं जातं. हे मला पुराव्यानिशी सांगता आलं असतं. मी म्हणालो, "हो. आई हसते."

कोतो खदखदून हसली. तिने आईकडे पाठ केली, हात टेकले, डोकं खाली घातलं. मायलेकी एकमेकींकडे पाठी करून, पायांमधून एकमेकींकडे बघत राहिल्या. सुमिएचा आवाज खालून जाड झालेला आला, "यासु, ही हसतेय की रडतेय? मला इथून कळत नाहीये."

"हसतेय," मी म्हणालो. ते मात्र खरं होतं.

कठड्याजवळच्या बाकावर सहलीला आलेली एक म्हातारी काठी घेऊन बसली होती. तिची वाकायची वर्षं संपली होती, म्हणून ती वाकणाऱ्यांना बघत होती. ती सुमिएला म्हणाली, "छान दिसता हो मायलेकी. पोर मागे बघतेय, बाई, पाठचं येतंय तुमचं."

मी पुढे झालो. माझ्या तोंडात वाक्य तयारच होतं, सगळ्यांना पटेल असं. पण सुमिए हळूहळू सरळ झाली, घेरी आली म्हणून तिने माझा खांदा धरला. चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते.

"येऊन गेलं, आजी," ती म्हणाली.

तिने आवाज खाली केला नाही. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. तिने माफी मागितली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. काठीवर दोन्ही हात ठेवून तिने विचारलं, "काय होतं, मुलगा की मुलगी?"

सुमिए माझ्याकडे वळली. तिने हे मला कधी विचारलंच नव्हतं. ती शुद्धीवर नव्हती तेव्हा नर्सने मला विचारलं होतं, बघायचंय का, आणि मी बघितलं होतं. दहनाला मी एकटा गेलो होतो. ती विचारत नाही म्हणजे तिला नको असेल, असं मी धरून चाललो होतो, आणि खरं सांगायचं तर हे एकट्याने उचलतोय याचा मला थोडा अभिमानही वाटत होता. आता ती समोरून बघत होती.

"मुलगा," मी म्हणालो. शब्द बाहेर पडला. मी म्हातारीच्या शेजारी बाकावर बसलो, पर्स मांडीवर, आणि लोकांदेखत रडलो. म्हातारी सरकली आणि तिने मला जागा करून दिली.

"कुणासारखा होता?" सुमिएने विचारलं.

"किती लहान होता, सुमिए. काय सांगू."

"तरी सांग."

"नाक तुझं होतं."

तिने नाकाला हात लावला. बराच वेळ ती खाडीकडे बघत उभी राहिली, सरळ, सगळे वाकलेले असताना. मग म्हणाली, "कोतोला सांगायला हवं. इथे नको. घरी गेल्यावर सांगू, तिघं असताना." आणि थोड्या वेळाने, "आईंना म्हणावं, ती गादी उचलून ठेवा."

आम्ही उतरायला लागलो. वाटेत कोतो दोनदा वाकली, आणि दोन्ही वेळा तिचं बघून होईपर्यंत सुमिए थांबली.